आर्द्राचा तारा फुटला, तर आर्द्राचा पाऊस जाईल का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका प्रश्नामुळे होतोय आणि तो प्रश्न मला जून महिन्यात आला होता. उत्तर मी आता डिसेंबरात देतोय. उशीर का केला ते सांगतो, पण आधी प्रश्न.

मराठवाड्यातले एक श्रोते आहेत, शेतकरी. वय साठीच्या पुढे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला. मृगाच्या पावसावर त्यांनी सोयाबीन पेरलं होतं, मग दहा-बारा दिवस आभाळ कोरडं. आर्द्रा लागलं होतं, सगळी आशा त्यावर. आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी त्यांना एक क्लिप पाठवली, की आर्द्रा नावाचा तारा आता फुटणार आहे. काकांनी विचारलं, "दादा, ते आर्द्राचा तारा फुटला म्हंजी आर्द्राचा पाऊस बी जातो का? का नुसतं नाव ऱ्हातं?"

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा हसू आलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आलं नाही. कारण ज्याचं बी जमिनीत पडलंय आणि वर ढग नाही, त्याच्यासाठी हा गमतीचा प्रश्न नाही. आणि शिवाय, हे नीट उलगडून सांगायचं तर मलाच बसून हिशेब करावा लागला.

त्यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि थोडक्यात उत्तर दिलं: नाही काका, पाऊस जाणार नाही, ताऱ्याचा आणि पावसाचा तसा संबंध नाही. पण पूर्ण उत्तर तारा डोक्यावर दिसत असताना द्यावं असं ठरवलं. म्हणजे तुम्ही हे ऐकता ऐकता गच्चीवर जाऊन बघू शकाल. आणि जूनमध्ये ते शक्यच नव्हतं. का, ते आता येतंच.

आर्द्रात आर्द्रा दिसत नाही

आधी तारा ओळखू या. मृग नक्षत्र बहुतेकांना येतं. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मधोमध एका रेषेत तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला बाण. डिसेंबरात रात्री आठ-साडेआठला पूर्वेकडे बघितलं की हा चौकोन आडवा झालेला दिसतो. त्यातला डावीकडचा, म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, ठळक तांबूस तारा म्हणजे आपला आजचा नायक. मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात तर चौकोनाचा वरचा डावा कोपरा. समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य आहे, इंग्रजीत रायगेल. दोघांच्या रंगातला फरक चष्मा न लावताही कळतो.

या तांबूस ताऱ्याला मराठी खगोलाच्या पुस्तकांत काक्षी म्हणतात, आर्द्रा नक्षत्राचा मुख्य तारा म्हणूनही तोच धरतात. इंग्रजीत बीटलज्यूस. ते नाव मुळात अरबी आहे, 'यद अल्-जौझा', म्हणजे जौझाचा हात. अरबी लिपीत 'य' आणि 'ब' या अक्षरांत फरक फक्त टिंबांचा. युरोपात नक्कल करताना कुणीतरी टिंब चुकवलं, 'य'चा 'ब' झाला आणि चुकीचंच नाव जगभर रूढ झालं.

आता पाऊस. आपण 'आर्द्रा लागलं' म्हणतो, तेव्हा आपण ताऱ्याबद्दल बोलत नसतो, सूर्याबद्दल बोलत असतो. आकाशात सूर्याची जी वाट आहे तिचे सत्तावीस समान भाग केले, प्रत्येकाला एका नक्षत्राचं नाव दिलं. सूर्य एका भागात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. २१-२२ जूनच्या आसपास तो आर्द्राच्या भागात शिरतो आणि जुलैच्या ५-६ तारखेपर्यंत तिथे असतो. त्या पंधरवड्यातला पाऊस तो आर्द्राचा पाऊस. पंचांगात त्याचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा वगैरे, ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणजे गंमत बघा. आर्द्राच्या पावसाच्या दिवसांत सूर्य त्याच भागात असतो, त्यामुळे तो तारा सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. आभाळ कितीही स्वच्छ असलं तरी आर्द्राच्या पंधरवड्यात आर्द्राचा तारा दिसत नाही! तो ऑगस्टात पहाटे पूर्वेला पुन्हा दिसायला लागतो. म्हणून मी डिसेंबरपर्यंत थांबलो.

तर काकांच्या प्रश्नाचा पहिला भाग इथेच सुटतो. आर्द्रा हा पावसाचा कर्ता नाही, तो कॅलेंडरवरचा रकाना आहे. रस्त्यावरचा मैलाचा दगड फुटला म्हणून गाव हलत नाही, तसंच हे.

पण थांबा, एक बारीक गोष्ट आहे आणि ती ताऱ्याच्या फुटण्यापेक्षा जास्त कामाची आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रं यांचा मेळ सरकत राहतो. साधारण ७२ वर्षांत एक दिवस. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य आर्द्रात शिरायचा तेव्हा, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर, जूनची पहिली तारीख असायची. आज २१-२२ आहे. पाऊस नक्षत्राला बांधलेला नाही, तो सूर्य उत्तरेला किती वर आलाय, समुद्र किती तापलाय, वारे कसे वाहतात याला बांधलेला आहे. नाव तेच राहतं, त्याखालची तारीख सरकते.

माझी चूक

आता ताऱ्याच्या फुटण्याकडे येऊ. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरपासून हा तारा मंद व्हायला लागला. डिसेंबरात अमेरिकेतले एडवर्ड गिनान आणि रिचर्ड वासाटोनिक यांनी जाहीर केलं की गेल्या पंचवीस वर्षांच्या त्यांच्या मोजमापांत तो एवढा मंद कधीच नव्हता. जानेवारीत आणखी मंद. जगभर बातम्या, 'तारा फुटणार'. मीही उत्साहाच्या भरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आता कुठल्याही रात्री!" पुढे दोन उद्गारचिन्हं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. दोन-तीन रात्री ती नीट झोपली नाही. मला वाटलं गुडघे दुखतायत. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "अरे, ते फुटलं की आपल्याकडे काय येईल? मुलांना बाहेर पाठवू ना?" मला इतकी लाज वाटली. कारण मी जे लिहिलं होतं त्याला आधार नव्हता. तारा मंद झालाय एवढंच माहीत होतं, बाकीचं मी जोडलं होतं.

त्यामुळे आज प्रत्येक गोष्ट आपल्याला कशी कळली, हेही सांगत जाणार आहे.

हा तारा आहे तरी केवढा?

तांबूस रंगावरून सुरुवात करू. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तेच. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,७७२ केल्विन तापमानाचा आहे, काक्षीचा साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे हा तारा सूर्यापेक्षा बराच 'थंड' आहे. तरी तो सूर्याच्या अंदाजे लाखपट प्रकाश टाकतो. थंड असून एवढा प्रकाश कसा? एकच मार्ग आहे, आकार प्रचंड हवा. चूल मंद असेल पण गावजेवणाएवढी मोठी असेल, तर एकूण उष्णता जास्तच.

पण हा तर्क झाला. मोजमाप कुणी केलं? १९२० च्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत, अल्बर्ट मायकेलसन आणि फ्रान्सिस पीस यांनी. १०० इंची दुर्बिणीवर त्यांनी २० फुटांचा एक आडवा दांडा बसवला, त्यावर आरसे लावले आणि दूरच्या दोन आरशांतून आलेला प्रकाश एकत्र केला. सूर्याव्यतिरिक्त एखाद्या ताऱ्याची रुंदी अशी थेट मोजली गेली, ती पहिल्यांदा याच ताऱ्याची. आकडा आला ०.०४७ विकला. आता हे डोळ्यासमोर कसं आणायचं? पुण्यात उभे राहा आणि मुंबईत कुणीतरी हातात दहा रुपयांचं नाणं धरलंय असं समजा. ते नाणं पुण्यातून जेवढं दिसेल, तेवढा हा तारा आपल्याला दिसतो. लक्षात घ्या, बाकी बहुतेक तारे याच्या मानाने सुईच्या टोकासारखे आहेत.

आता त्यातून खरा आकार काढायचा तर अंतर हवं. आणि इथे खरी अडचण आहे.

ताऱ्यांचं अंतर काढायची मूळ पद्धत सोपी आहे. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आपणही सहा-सहा महिन्यांनी आकाशाकडे वेगळ्या 'डोळ्याने' बघतो. जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पुढे किंचित सरकतात. त्या सरकण्याला पराशय म्हणतात. तो मोजला की अंतर आलं.

काक्षीचा पराशय किती? आपल्या मुंबईतल्या नाण्याच्या भाषेत सांगतो: ज्वारीच्या एका दाण्याएवढा, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दहा रुपयांचं नाणं मुंबईत धरलंय आणि ते दाणाभर सरकलं का, हे पुण्यातून बघायचंय. आणि त्यात हे नाणं स्थिर चकचकीत नाही, त्याचा चेहरा उकळतोय. आज डावीकडे उजळ डाग, वर्षभराने उजवीकडे. नाण्याचा 'मध्य' कुठे धरायचा तेच कळत नाही. शिवाय गाया नावाच्या ज्या उपग्रहाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची नोंद घेतली, त्याच्या डोळ्याला हा तारा फारच प्रखर आहे, दिपवणारा. हजारपटीने मंद ताऱ्यांची अंतरं आपल्याला याच्यापेक्षा चांगली माहीत आहेत!

म्हणून आकडे बदलत आलेत. १९९७ मध्ये हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीतून साधारण ४३० प्रकाशवर्षं आली. २००८ मध्ये रेडिओ दुर्बिणींची मदत घेऊन ६४०. २०१७ मध्ये ७२० च्या आसपास. २०२० मध्ये मेरिडिथ जॉइस आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या धडधडीवरून उलटा हिशेब मांडला आणि ५५० च्या जवळ आणलं. मी या कार्यक्रमात पूर्वी एकदा '६४० प्रकाशवर्षं' असं ठासून सांगितलं होतं. ते तसं सांगायला नको होतं. पाचशे ते सातशेच्या दरम्यान, हे प्रामाणिक उत्तर.

याचा अर्थ काय होतो बघा. आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश तिथून कधी निघाला? ५५० धरलं तर आपल्याकडे बहामनी राज्य होतं. ७२० धरलं तर देवगिरीवर अजून यादव होते आणि ज्ञानेश्वरी लिहून होऊन थोडीच वर्षं झाली होती. एका ताऱ्याच्या अंतरातल्या शंकेत आपला दीड-पावणेदोन शतकांचा इतिहास मावतो.

जॉइस यांचा आकडा घेतला तर ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ७६० पट येते. सूर्याच्या जागी हा तारा ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, सगळे त्याच्या पोटात आणि कड लघुग्रहांच्या पट्ट्यात. पण वजन? सूर्याच्या पंधरा ते वीसपटच. म्हणजे एवढ्याशा मालावर एवढा मोठा फुगा. सरासरी काढलीत तर आपण श्वास घेतो त्या हवेपेक्षा तो साधारण वीस हजारपट विरळ आहे. तो असा घट्ट गोळा नाहीच. मधे घट्ट गाभा आणि भोवती अवाढव्य, विरळ, उकळतं पातेलं.

मग २०२० मध्ये झालं काय?

उकळतं पातेलं हा शब्द मी मुद्दाम वापरला. सूर्याच्या पृष्ठभागावरही उकळी असते, पण तिचे बुडबुडे सुमारे हजार किलोमीटरचे आणि असे लाखो. भाताच्या पातेल्यासारखं. काक्षीवर बुडबुडे मोजकेच, पण एकेक बुडबुडा ताऱ्याच्या मोठ्या भागावर पसरलेला. पिठलं रटरटतं ना, तसं. एक मोठा फुगतो, फुटतो आणि बाहेर उडतो. ओट्यावर डाग पडतो.

बऱ्याचशा पुराव्यांवरून २०१९ मध्ये असंच झालं. अँड्रिया डुप्री यांच्या गटाने हबल दुर्बिणीने अतिनील किरणांत निरीक्षणं घेतली होती. त्यांत त्या शरद ऋतूत ताऱ्याच्या दक्षिण भागातून दाट, तापलेला वायू बाहेर येताना दिसला. मिगेल मोंटार्जेस यांच्या गटाने चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने २०१९ च्या जानेवारीत, डिसेंबरात आणि पुढे २०२० मध्ये या ताऱ्याचे फोटो काढले. जानेवारीच्या फोटोत तारा गोल आणि बऱ्यापैकी सारखा. डिसेंबरच्या फोटोत खालचा अर्धा भाग काळवंडलेला. त्यांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: बाहेर फेकला गेलेला वायू दूर जाऊन थंड झाला, त्याची धूळ झाली, ती नेमकी आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आली, आणि त्याच वेळी पृष्ठभागाचा एक भागही थंड पडला होता. दोन्ही मिळून प्रकाश कमी झाला. फेब्रुवारीत तो नेहमीच्या साधारण ३६ टक्क्यांवर आला होता. एप्रिल-मेपर्यंत तारा पूर्ववत.

आणि एक पुरावा तर मला फार आवडतो, कारण तो हवामानाच्या उपग्रहाचा आहे. जपानचा हिमावारी-८ हा उपग्रह तेव्हा पृथ्वीचे, ढगांचे फोटो काढायचा. फोटोच्या कोपऱ्यात, पृथ्वीच्या कडेबाहेर, थोडं आकाश यायचं आणि त्यात अधूनमधून काक्षीही यायचा. कुणी त्याच्यासाठी काढलेले फोटो नव्हेत ते! तानिगुची आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७ ते २०२१ चे हे फोटो चाळले, त्यातून ताऱ्याचा साडेचार वर्षांचा हिशेब काढला, आणि २०२२ मध्ये तोच निष्कर्ष मांडला: थोडं थंड होणं, थोडी धूळ. पावसाचे ढग बघणाऱ्या यंत्राने आर्द्राचा तारा बघितला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यांदा हसले.

तर मंदावणं ही पृष्ठभागावरची घटना होती. फुटण्याचा निर्णय गाभ्यात होतो. ताऱ्याच्या गाभ्यात आधी हायड्रोजन जळतो, म्हणजे त्याचा हेलियम होतो. हायड्रोजन संपला की हेलियम जळून कार्बन-ऑक्सिजन. काक्षी सध्या या हेलियमच्या टप्प्यावर आहे असं मानलं जातं. मग कार्बनची पाळी, मग निऑन, ऑक्सिजन आणि शेवटी सिलिकॉन. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड. हेलियमला लाखो वर्षं, सिलिकॉनला जेमतेम काही दिवस. शेवटी गाभ्यात लोखंड उरतं, लोखंड जाळून काही मिळत नाही, आणि गाभा स्वतःच्या वजनाने कोसळतो. तोच स्फोट, अतिनवतारा.

हा तारा जन्मून ८० लाख ते एक कोटी वर्षं झालीत. सूर्याचं वय ४६० कोटी. तरी म्हातारा कोण, तर काक्षी. त्याचा पगार सूर्याच्या पंधरा-वीसपट होता, पण खर्च हजारोंपट. असं घर फार काळ चालत नाही.

फुटायला किती वेळ आहे? २०२० च्या त्याच अभ्यासानुसार, लाखभर वर्षांच्या आसपास. समजा त्या लाखभर वर्षांत कुठल्याही वर्षी फुटण्याची शक्यता सारखी धरली, तर 'तो आधीच फुटलाय आणि प्रकाश वाटेत आहे' याची शक्यता हजारात सहाच्या आसपास येते. उद्या फुटण्याची शक्यता तर सांगायलाही नको. "आता कुठल्याही रात्री" लिहिणाऱ्या मला हा हिशेब तेव्हाही करता आला असता.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

फुटला तर आपल्याकडे काय येईल?

सगळ्यात आधी न्यूट्रिनो येतील, प्रकाशाच्याही काही तास आधी. कारण ते कोसळत्या गाभ्यातून थेट निसटतात. प्रकाश मात्र स्फोटाची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचेपर्यंत अडकतो. हे नुसतं गणित नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, मोठ्या मॅगेलनी मेघात, असाच एक तारा फुटला. तेव्हा जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांनी मिळून पंचवीसच्या आसपास न्यूट्रिनो पकडले आणि तारा उजळलेला दिसला तो त्यानंतर काही तासांनी. न्यूट्रिनो आपल्या अंगातून काहीही न करता आरपार जातात. ते कळणारही नाहीत.

मग तारा उजळेल. अंदाज असे आहेत की तो साधारण अर्ध्या चंद्राएवढा तेजस्वी होईल, पण सगळं तेज एका बिंदूत. दिवसाही दिसेल, काही महिने. रात्री सावली पडेल. मग हळूहळू मंद होत जाऊन काही वर्षांनी नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होईल. १०५४ साली वृषभ राशीत असाच एक तारा फुटला होता. चिनी नोंदींप्रमाणे तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता. त्याचे अवशेष आज क्रॅब तेजोमेघ म्हणून दुर्बिणीतून दिसतात.

आणि धोका? असा स्फोट पृथ्वीला इजा करायचा तर काही दशक प्रकाशवर्षांच्या आत व्हायला हवा. हा पाचशेच्या पलीकडे आहे. अंतरातली जी शंका मी एवढी ताणून सांगितली, तिने इथे काहीच फरक पडत नाही. आई, मुलांना बाहेर पाठव. उलट तेव्हा तर घरात कुणी थांबूच नये.

एक ताजी भर घालतो. हा तारा दोन तालांत कमीजास्त होतो. एक सुमारे चारशे दिवसांचा, तो ताऱ्याच्या स्वतःच्या फुगण्या-आकसण्याचा. दुसरा सुमारे सहा वर्षांचा, त्याचं कारण कळत नव्हतं. २०२४ मध्ये दोन गटांनी म्हटलं की याला जोडीदार असावा. २०२५ च्या जुलैमध्ये स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाने हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने अगदी चिकटून असलेला एक अंधुक सोबती दिसल्याचं जाहीर केलं. हा पुरावा अजून ठाम म्हणण्याइतका भक्कम नाही. जोडीदार २०२७ च्या नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा बाजूला येईल, तेव्हा खरी परीक्षा.

तुम्ही काय करू शकता

दुर्बीण नको. डोळे पुरेत. ताऱ्याच्या तेजाला 'प्रत' म्हणतात, आकडा लहान तितका तारा तेजस्वी. प्रश्वा आहे ०.३४, रोहिणी ०.८७, आणि मृगाच्या चौकोनातला वरचा दुसरा कोपरा, बेलाट्रिक्स, १.६४. काक्षी बहुतेक वेळा प्रश्वा आणि रोहिणी यांच्या मधे कुठेतरी असतो, अर्ध्याच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये तो जवळपास बेलाट्रिक्सएवढा झाला होता. महिन्यातून दोनदा बघा आणि वहीत लिहा: प्रश्वापेक्षा कमी की जास्त, रोहिणीपेक्षा कमी की जास्त. दोन पथ्यं पाळा. तुलनेचे तारे साधारण सारख्याच उंचीवर असू द्या, क्षितिजाजवळ सगळेच मंद दिसतात. आणि लाल ताऱ्याकडे टक लावू नका, तो उगाच उजळ भासतो. नजर टाका आणि काढा. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून हौशी लोकांच्या अशा नोंदी जमा करते, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदीही. हा तारा बदलतो हे जॉन हर्शेल यांना १८३६ मध्ये कळलं, तेही नुसत्या डोळ्यांनीच.

शेवटी काकांकडे येतो. त्यांची दुबार पेरणी टळली नाही. तारा जागेवर होता, आर्द्राही होतं, पाऊस उशिरा आला. त्यावर मी काय बोलणार.

पण परवा या भागासाठी पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांना हे मंदावण्याचं सांगत होतो. ते मधेच थांबले. म्हणाले, "कोणतं साल म्हणलात?" मी म्हटलं, २०२०, जानेवारी-फेब्रुवारी. तर म्हणाले, त्या वर्षी हरभऱ्याला रात्रीचं पाणी होतं. आमच्याकडे लाईट रात्रीचीच. बारा वाजल्यापासून बांधावर. "त्या दिसांत मला त्यो लाल तारा बारीक दिसायचा. म्हणलं डोळं गेलं आता. तालुक्याला जाऊन डोळं तपासून आलो. डॉक्टर म्हणला, नंबर हाय तेवढाच हाय."

मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं नाहीत?"

म्हणाले, "कुणाला सांगावं? तारा कमी झालाय म्हणून?"

काका, डोळे बरोबर होते तुमचे. पुढच्या वेळी कमी दिसला तर मला सांगा. लगेच सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.